उत्तराला अवसर न देणारे शब्द

समाजाची हानी होत असेल तर भाषणस्वातंत्र्यावर मर्यादा घालावी काय, हा प्रश्न सहसा ज्या स्वरूपात विचारला जातो त्या स्वरूपात त्याचे उत्तर देता येत नाही. कारण समाज म्हणजे नेमके कोण, हानी कोणाची झाली आणि मर्यादा घालण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, या गोष्टी प्रश्नात गृहीत धरलेल्या असतात आणि उत्तर मात्र त्यांच्यावरच अवलंबून असते. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने पहिल्या खंडात नागरिकांना भाषणाचे व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आणि दुसऱ्या खंडात त्यावर ‘वाजवी निर्बंध’ घालण्याची मुभा राज्याला दिली. वाजवी निर्बंध म्हणजे ज्याची योग्यता न्यायालयाला तपासून पाहता येते असा निर्बंध. हा निर्बंध कोणत्या कारणांसाठी घालता येईल, तेही तेथेच मोजून सांगितले आहे : देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि अपराधाला चिथावणी. समाजाचे नुकसान असे सरसकट कारण या आठांत नाही. ते असावे असे मानणारा पक्ष आणि ते नसण्यातच नागरिकाचे रक्षण आहे असे मानणारा पक्ष, अशा दोन भूमिका पुढील संवादात मांडल्या आहेत.

पहिली भूमिका भटक्या-विमुक्त जमातींमध्ये काम करणाऱ्या एका कार्यकर्तीच्या तोंडी घातली आहे आणि दुसरी वृत्तपत्रविषयक कायद्याचा इतिहास शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांच्या. ही योजना हेतुपूर्वक केली आहे. बोलण्यावर बंधन मागणारा पक्ष म्हणजे सत्ताधाऱ्यांचा पक्ष, असे समजून वाद घातला की तो फार स्वस्तात जिंकता येतो. बंधनाची मागणी समाजातील सर्वांत दुबळ्या माणसांकडून येते तेव्हाच स्वातंत्र्याच्या पुरस्कर्त्याची खरी कसोटी लागते.

कार्यकर्ती : सर, १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे पाच माणसांना जमावाने मारून टाकले. ती माणसे नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती. गावोगाव फिरून भिक्षा मागणे हा त्या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा जीवनक्रम आहे. त्या दिवशी गावचा आठवडी बाजार होता, आणि मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली होती. त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन, म्हणजे ज्या इमारतीवर लोकशाहीची पाटी लावलेली असते त्याच इमारतीत, मारण्यात आले. त्या उन्हाळ्यात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एकीत मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेताना दिसत होते. ती चित्रफीत मूळची कराचीतील होती आणि मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली होती. तिच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापला आणि उरलेला भाग पुढे पाठवला. त्या कापणाऱ्याच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण कोणत्या तत्त्वाने करावयाचे, ते आपण सांगावे.

प्राध्यापक : ताई, त्याचे रक्षण कोणत्याही तत्त्वाने करावयाचे नाही आणि भारतीय कायदाही ते करीत नव्हता. लोकांत भीती निर्माण होऊन अपराध घडेल अशी अफवा पसरवणे हा भारतीय दंडसंहितेच्या कलम ५०५ खाली गुन्हा होता आणि आता भारतीय न्यायसंहितेच्या कलम ३५३ खालीही तो गुन्हाच आहे. तेव्हा त्या दिवशी कायद्याची उणीव नव्हती. उणीव होती ती भटक्या माणसाला संशयिताऐवजी नागरिक मानणाऱ्या पोलीस व्यवस्थेची आणि गावाची. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक भटक्या जमातींच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी परगावचा फिरस्ता म्हणजे चोर हा समज रद्द झाला नाही. असा समज भाषणावरील निर्बंधाने कसा जाईल? उलट असे निर्बंध विस्तृत केले की ते कोणावर चालतात, याचा इतिहास मराठी माणसाला तरी सांगावा लागू नये.

हा इतिहास बारकाईने पाहण्याजोगा आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी लष्करी शिपायांकडून घरांची झडती घेतली जात होती आणि त्यामुळे शहर संतापलेले होते. ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकात शिवराज्याभिषेक उत्सवातील भाषणांचा वृत्तांत आला, ज्यात अफजलखानाच्या वधाच्या नैतिकतेची चर्चा होती. त्यानंतर सातच दिवसांनी, २२ जून रोजी, प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली गेली. लोकमान्य टिळकांवर कलम १२४-अ खाली, म्हणजे राजद्रोहाच्या कलमाखाली, खटला भरण्यात आला. तो लेख आणि तो खून यांचा संबंध सिद्ध करण्याची गरज सरकारला पडली नाही. कारण न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला असे समजावून सांगितले की लेखामुळे प्रत्यक्ष दंगा किंवा उठाव झाला की नाही हे पाहण्याचे कारण नाही, सरकारविषयी वाईट भावना उत्पन्न करण्याचा प्रयत्न एवढाच गुन्ह्यास पुरेसा आहे. नऊ जणांच्या ज्यूरीत सहा युरोपीय आणि तीन भारतीय होते. निर्णय सहा विरुद्ध तीन असा लागला आणि टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली.

प्राध्यापक : याच्या पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. पुढच्याच वर्षी, १८९८ साली, सरकारने दंडसंहितेत दुरुस्ती करून राजद्रोहाचे कलम स्ट्रॅचींच्या अर्थाला जुळेल असे रुंद केले आणि त्याच कायद्याने वर्गावर्गांत शत्रुत्व वाढवण्याविषयीचे कलम १५३-अ नव्याने घातले व अफवांविषयीचे कलम ५०५ नव्या रूपात आणले. ताई, दुबळ्यांच्या रक्षणासाठी आज ज्या कलमांकडे पाहिले जाते, ती एका मराठी संपादकाला शिक्षा दिल्यानंतर, वृत्तपत्रांना जरब बसवण्याच्या त्याच मोहिमेत आकाराला आली. सध्याच्या न्यायसंहितेत त्यांचे क्रमांक बदलले आहेत. त्यांची ठेवण फारशी बदललेली नाही.

कार्यकर्ती : परक्या सरकारने केलेला दुरुपयोग हा स्वकीय सरकारच्या कायद्याविरुद्धचा पुरावा कसा होईल? १९५१ ची पहिली घटनादुरुस्ती स्वतंत्र भारताच्या संसदेने केली आणि ती करताना बाबासाहेब आंबेडकर कायदामंत्री होते. सार्वजनिक सुव्यवस्था आणि अपराधाला चिथावणी ही कारणे त्याच दुरुस्तीने दुसऱ्या खंडात आली. मूलभूत हक्क अमेरिकेतही निरपवाद नाहीत, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार देऊन दाखवले होते. ज्या माणसाने बहिष्कृतांच्या बाजूने ‘मूकनायक’ काढले, त्याला बोलण्याची किंमत कळत नव्हती असे कोणी म्हणणार नाही. आणि तरीही त्याला मर्यादा आवश्यक वाटली.

प्राध्यापक : वाटली, हे खरे, परंतु कोणती मर्यादा, हेही पाहिले पाहिजे. संविधान सभेपुढील मसुद्यात राजद्रोह हे निर्बंधाचे एक कारण म्हणून होते आणि डिसेंबर १९४८ मध्ये कन्हैयालाल मुनशी यांच्या दुरुस्तीने ते गाळण्यात आले. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकावर मद्रास सरकारने घातलेली प्रवेशबंदी सर्वोच्च न्यायालयाने १९५० साली रद्द केली, तेव्हा संसदेने घटना दुरुस्त केली. पण त्याच दुरुस्तीने निर्बंध वाजवी असला पाहिजे ही अटही घातली, जी मूळ दुसऱ्या खंडात नव्हती. म्हणजे राज्याचा हात जेव्हा लांब केला, तेव्हाच न्यायालयाचा हातही त्यावर ठेवला गेला. आणि समाजहितासाठी निर्बंध असावा या मताला जे सर्वांत स्पष्ट उत्तर मिळाले, ते एका मराठी दैनिकाच्या खटल्यात मिळाले.

प्राध्यापकांचा निर्देश ‘सकाळ’च्या खटल्याकडे आहे. मोठ्या भांडवलाच्या वृत्तपत्रांनी कमी किमतीत जास्त पाने देऊन लहान वृत्तपत्रांना बाजारातून उठवू नये, या हेतूने केंद्र सरकारने १९५६ चा कायदा व त्याखालील १९६० चा आदेश काढून किमतीच्या प्रमाणात पानांची संख्या ठरवून दिली. त्या वेळी ‘सकाळ’ ७ नये पैसे किमतीत आठवड्याच्या सहा दिवसांत मिळून ३४ पाने देत असे. नव्या आदेशाप्रमाणे तेवढ्या किमतीत त्याला २४ पानेच देता आली असती. हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही, कारण लहान पत्रे जगावीत ही इच्छा कोणत्याही लोकशाहीवाद्याला मान्य होईल. तरीही न्यायमूर्ती मुधोळकर यांनी लिहिलेल्या १९६१ च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला आणि असे स्पष्ट केले की व्यापार किंवा धंदा यांच्या स्वातंत्र्यावर सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी निर्बंध घालता येतो, परंतु भाषणस्वातंत्र्यावर तो त्या कारणासाठी घालता येत नाही. दुसऱ्या खंडातील कारणांपैकी एखाद्यात तो बसला तरच टिकतो. प्रस्तुत विषयावर इतका नेमका आणि इतका कमी आठवला जाणारा निर्णय दुसरा नसेल. समाजाचे भले करण्याचा हेतू चांगला असला तरी तेवढ्याने दुसऱ्याच्या बोलण्याला कात्री लावण्याचा अधिकार मिळत नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले आणि ते आजही कायम आहे.

कार्यकर्ती : हे तत्त्व पानांच्या संख्येला लागू करणे सोपे आहे. मिल यांनी १८५९ साली ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात धान्याच्या व्यापाऱ्याचे उदाहरण दिले. धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात हे मत वृत्तपत्रात छापले तर त्याला हात लावू नये; पण तेच शब्द व्यापाऱ्याच्या दारासमोर जमलेल्या खवळलेल्या जमावापुढे उच्चारले तर ते दंडनीय ठरतात, असे मिल सांगतात. त्यांच्या काळी वृत्तपत्र आणि जमाव या दोन वेगळ्या जागा होत्या. छापलेला मजकूर वाचून घराबाहेर पडेपर्यंत माणसाला विचार करण्यास वेळ मिळत असे. राईनपाड्याच्या बाजारात प्रत्येकाच्या खिशात वृत्तपत्र होते आणि प्रत्येक जण जमावात उभा होता. मिल यांनी आखलेली रेघच तेथे पुसली गेली आहे.

येथे कार्यकर्तीचा मुद्दा केवळ भावनेचा राहत नाही, हे मान्य करावे लागते. स्वातंत्र्याचा पक्ष ज्या गृहीतकावर उभा आहे ते असे की वाईट बोलण्यावर उपाय अधिक बोलणे हा आहे. अमेरिकन न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी १९२७ साली हाच विचार मांडताना त्यात एक अट घातली होती, ती म्हणजे चर्चेने असत्य उघडे पाडण्यास अवधी असला पाहिजे. पुरस्कर्ते विचार उचलतात आणि अट विसरतात. मंगळवेढ्याकडून शेकडो किलोमीटर दूर आलेल्या, स्थानिक बोली न येणाऱ्या भिक्षेकऱ्याला आपण कोण आहोत हे सांगण्याची संधी त्या खोलीत नव्हती. त्याच्या बाजूने उत्तर देणारे दुसरे कोणीही त्या अफवेच्या वेगाने तेथे पोचू शकत नव्हते.

प्राध्यापक : अवधी नसेल तेथे बंधन, ही कसोटी मान्य करता येते, ताई, अडचण ही आहे की आपल्याकडे बंधन बहुधा तेथे येतच नाही. ते येते ते भरपूर अवधी असताना, आणि तेही ज्याच्याकडे काठी आहे त्याच्या मागणीवरून. जेम्स लेन यांच्या शिवचरित्रविषयक पुस्तकातील एका मजकुराने महाराष्ट्र संतापला, आणि तो संताप समजण्यासारखा होता, कारण राजमाता जिजाऊंविषयीची कुचाळकी संशोधनाच्या पुस्तकात छापण्याची काहीच गरज नव्हती. प्रकाशकांनी २००३ च्या नोव्हेंबरातच ते पुस्तक भारतातून मागे घेतले होते. तरीही ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला, कपाटे फुटली आणि जुनी हस्तलिखिते जमिनीवर विखुरली गेली. त्यांत त्या पुस्तकाशी काडीचाही संबंध नसलेली कित्येक होती. त्यानंतर शासनाने काय केले, तर पुस्तकावर बंदी घातली. ती बंदी उच्च न्यायालयाने २००७ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अमान्य केली. ज्या मजकुराला इतिहासाच्या साधनांनी वर्षानुवर्षे खोडून काढता आले असते, त्याच्या उत्तरात साधनेच फाडली गेली आणि कायदा फाडणाऱ्यांच्या मागणीपुढे झुकला.

कार्यकर्ती : म्हणजे सार्वजनिक सुव्यवस्था या कारणाचा उपयोग, सुव्यवस्था बिघडवणाऱ्याची भीती दाखवून, बोलणाऱ्याविरुद्ध होतो.

प्राध्यापक : तोच मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली रंगराजन खटल्यात एका तमिळ चित्रपटाच्या निमित्ताने मांडला : बोलणे आणि धोका यांचे नाते दारूच्या कोठारातील ठिणगीइतके निकटचे असले पाहिजे, आणि मोर्चे व हिंसेची धमकी यांना भिऊन राज्याने अभिव्यक्ती दाबणे म्हणजे आपले कर्तव्य सोडणे होय. तरी २०१२ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे, मुंबईतील बंदविषयी समाजमाध्यमावर दोन ओळी लिहिणारी एक तरुणी आणि त्या ओळी पसंत करणारी दुसरी, अशा दोघींना अटक झाली आणि त्यांच्यापैकी एकीच्या नातेवाइकाचे रुग्णालय फोडण्यात आले. त्या ओळींनी कोणाच्या जिवाला कोणता धोका होता? माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ २०१५ साली रद्द झाले ते अशाच अनुभवांमुळे. मतावर चर्चा करणे, मताचा हिरिरीने पुरस्कार करणे आणि प्रत्यक्ष कृत्याची चिथावणी देणे या तीन पायऱ्या न्यायालयाने तेव्हा वेगळ्या केल्या आणि राज्याला तिसऱ्या पायरीवरच हात घालता येतो असे सांगितले.

कार्यकर्ती : पण काही बोलणे दुसऱ्या पायरीवर राहूनच तिसरीची तयारी करते. एखादा समाज चोर आहे, घाणेरडा आहे, बाहेरचा आहे, असे वीस वर्षे सांगत राहिले की एकविसाव्या वर्षी चिथावणीची गरज उरत नाही. एक चित्रफीत पुरते. द्वेषमूलक भाषणाचे काम हेच असते, आणि २०१४ च्या प्रवासी भलाई संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅनडातील निकालाच्या आधारे ते नेमके ओळखले : असे भाषण ज्या गटाविरुद्ध असते त्या गटाची वादात उत्तर देण्याची क्षमताच ते कमी करते. आपण स्वातंत्र्य म्हणता तेव्हा बोलणाऱ्याचे स्वातंत्र्य डोळ्यांपुढे असते. ज्याचे बोलणे ऐकण्यालायकच नाही असे आधीच ठरवले गेले, त्याचे स्वातंत्र्य कोणत्या खंडात लिहिले आहे?

या प्रश्नावर प्राध्यापकांची भूमिका बदलते. स्ट्रॅची यांच्या कसोटीत पाहिले जात होते ते ऐकणाऱ्याच्या मनात कोणती भावना उत्पन्न झाली हे, आणि भावनेला तळ नसतो. राग येण्याची शक्ती ज्याच्याकडे अधिक, त्याच्या बाजूने अशी कसोटी नेहमी झुकते. याउलट ज्याच्याविषयी बोलले जाते त्याला उत्तर देण्याचा अवसर उरला का, हे पाहिले तर टिळकांचे लेख सुटतात, कारण सरकारपाशी छापखाने, गॅझेट आणि लष्कर सर्व काही होते. लेन यांचे पुस्तकही सुटते, कारण महाराष्ट्रात इतिहासकारांची वाण नव्हती. आणि बाजारातल्या पाच भिक्षेकऱ्यांविषयीची अफवा सुटत नाही. दुखावलेला आणि निरुत्तर केला गेलेला यांत भेद करणारी ही कसोटी पहिलीपेक्षा निःसंशय न्याय्य आहे. मात्र संथ, दीर्घकाळ चाललेल्या द्वेषप्रचाराला ती शिक्षेच्या कायद्याने कशी लावावी, याचे समाधानकारक उत्तर प्राध्यापकांपाशी नाही. शाळा, पाठ्यपुस्तके, जमातीचा दाखला देणारी कचेरी आणि पोलीस प्रशिक्षण यांतून तो प्रचार खोडून काढावा, असे ते म्हणतात. कार्यकर्तीला हे उत्तर खरे पण लांबचे वाटते.

प्राध्यापक : राईनपाड्यानंतर काय उपयोगी पडले, तेही पाहावे. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावहत्या रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. यात कोणाचे मत दाबले गेले नाही. उत्तराला गाठता येईल इतका अफवेचा वेग कमी करण्याचा तो प्रयत्न होता.

कार्यकर्ती : वेग कमी झाला तरी अफवा रचणारा मोकळाच राहतो. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी संदेशाचा पहिला प्रेषक शोधून देण्याची जबाबदारी मोठ्या संदेशसेवांवर टाकली, तेव्हा स्वातंत्र्याच्या पुरस्कर्त्यांनीच तिला विरोध केला.

प्राध्यापक : तो विरोध योग्य होता. पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज, सेवा चालवणाऱ्या कंपनीलाही मजकूर वाचता येऊ नये अशी जी सांकेतिक रचना या सेवांत असते, ती पहिल्या प्रेषकाच्या शोधासाठी सैल केली की सर्वांसाठीच सैल होते. शिवाय हा शोध न्यायालयाच्या आदेशावरच नव्हे, तर सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशावरही घेता येतो. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध बातमी फुटली, त्याच्याच हाती बातमी फोडणाऱ्याचे नाव द्यावयाचे काय?

कार्यकर्ती : अधिकाऱ्याला वगळावे आणि आदेश न्यायालयाचाच असावा, हे मान्य आहे. परंतु रचनेला हातच लावू नये, हे मान्य नाही.

प्राध्यापक : जप्त केलेल्या कोणत्याही फोनवर, गटात तो संदेश कोणी टाकला हे दिसते. तेथून एकेक पायरी मागे जाणे पोलिसांना शक्य असते आणि त्यासाठी सर्वांची रचना मोडावी लागत नाही.

कार्यकर्ती : त्या मार्गाने सापडतो तो घाबरलेला बाप, सर, ज्याने आपल्या मुलांच्या काळजीने संदेश पुढे पाठवला. ज्याने चित्रफितीचा शेवट कापला, तो त्या मार्गाने सापडत नाही.